नाण्यावरची ओटिली

लॉरेन्झ डीट्झेल वारला तेव्हा सान फ्रान्सिस्कोतल्या जर्मन वर्तमानपत्रानं त्याच्यावर चार ओळी खर्च केल्या, आणि त्यातल्या दोन चुकीच्या होत्या. तो बव्हेरियाचा नव्हता, हानाऊचा होता. शिवाय त्यानं ‘सरकारी टांकसाळीत अनेक वर्षं नाण्यांचे ठसे कोरले’ हेही खोटं. सरकारी टांकसाळीत तो भट्टीपाशी कोळसा ओढायचा. ठसे त्यानं कोरले ते त्याआधी, पेटिंगिल नावाच्या माणसाच्या खासगी टांकसाळीत, आणि तेही जेमतेम दहा महिने. आज त्या टांकसाळीचं दहा डॉलरचं नाणं कुणाला सापडलं तर तो गाव डोक्यावर घेईल. पण सापडत नाही. का सापडत नाही, हे लॉरेन्झइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

हानाऊ म्हणजे सोनारांचं गाव. तिथे चौदाव्या वर्षी लॉरेन्झ एका उस्तादाच्या हाताखाली बसला. उस्तादाचा मोठा धंदा जुन्या मालाचा. कुणी घड्याळ विकायचं, कुणी तपकिरीची डबी, कुणी कर्जापायी लग्नाची अंगठी. त्या मालावर आधीच्या धन्याची अक्षरं असायची, ती काढल्याशिवाय नवं गिऱ्हाईक हात लावत नसे. हे काम लॉरेन्झकडे आलं. कानशीनं हळूच खाली उतरायचं, मग दगडानं, मग तेलानं, मग अंगठ्यानं घोटायचं. इतर कारागिरांनी घोटलेली जागा उजेडात तिरकी धरली की जुन्या अक्षराचं भूत दिसायचं. लॉरेन्झनं पुसलेलं भिंग लावूनही सापडत नसे. उस्ताद गिऱ्हाइकांना सांगायचा, “या पोरानं हात फिरवला की ते नाव जन्मालाच आलं नव्हतं असं समजा!” लॉरेन्झला याचा फार अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

पुढे त्यानं कोरायलाही शिकून घेतलं, आणि ओटिली नावाच्या एका तांबटाच्या मुलीशी लग्न केलं. ओटिली गालावर तीळ असलेली, कानावर वेणी गुंडाळणारी आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारी. मुलगी झाली, रोझीना. ती आठ महिन्यांची असताना कॅलिफोर्नियाच्या सोन्याची बातमी हानाऊपर्यंत पोचली, आणि आयुष्यभर दुसऱ्याचं सोनं घासणाऱ्या लॉरेन्झच्या डोक्यात वारं शिरलं.

जाण्याआधी त्यानं ओटिलीला फ्रँकफुर्टच्या जत्रेत चित्र काढायला नेलं. रुपेरी पत्र्यावर सूर्याच्या उजेडानं चेहरा उमटवणारे तेव्हा नव्यानं आले होते. ओटिली खुर्चीवर बसली.

“बाजूनं बस,” लॉरेन्झ म्हणाला.

“का? समोरून बरी दिसत नाही का मी?”

“माणूस खरा कळतो तो बाजूनं. नाण्यावरचे राजे बघ.”

“राजे बायकापोरांना टाकून चिखल उपसायला जात नाहीत,” ओटिली म्हणाली, आणि मानेमागच्या लोखंडी चिमट्यात डोकं अडकवून तशीच फुरंगटून बसली.

चित्र काढणाऱ्यानं सांगितलं होतं, मिनिटभर हलायचं नाही. ती हलली नाही. त्यामुळे चित्रात सगळं अगदी स्पष्ट आलं: वेणी, तीळ, नाकावरचा किंचित उंचवटा आणि राग.

कॅलिफोर्नियात युबा नदीवर लॉरेन्झनं सात महिने काढले. बर्फ वितळून आलेल्या पाण्यात गुडघाभर उभं राहून सोन्याची माती धुवायची, आणि संध्याकाळी घेवडा आणि खारवलेलं डुकराचं मांस खायचं. सोनं मिळालं ते पोटापुरतं, आणि हाताची बोटं सुजली ती वेगळीच. घरचं पत्र नाही म्हणून तो सॅक्रामेंटोला टपालकचेरीत गेला. तिथे रांग एवढी लांब असायची की काही रिकामटेकडे पहाटेपासून उभे राहून आपली जागा विकायचे. लॉरेन्झनं तीन चिमटी सोन्याची भुकटी देऊन पुढची जागा घेतली. बहीण बाबेटचं पत्र होतं. ओटिली विषमज्वरानं गेली होती. पत्र पोचायला आठ महिने लागले होते. म्हणजे तो नदीत पहिल्यांदा उतरला त्याच्या आधीच ती मातीत गेली होती. रोझीना आत्याजवळ सुखरूप होती. ओटिली गेल्याचं कळायला आपण घाई करून जागा विकत घेतली, हे लॉरेन्झ पुढे कधी विसरला नाही.

तो नदीवर परत गेला नाही. सान फ्रान्सिस्कोला आला. तेव्हा इथे सोनं उदंड आणि नाणं मात्र औषधाला नाही. दुकानदार चिमटीनं भुकटी घ्यायचे, आणि अंगठा जितका रुंद तितका दुकानदार श्रीमंत. म्हणून जो तो टांकसाळ काढायला लागला. पेटिंगिल आधी नांगर विकायचा; त्यानंही काढली. त्याला ठसे कोरणारा हवा होता.

“एका बाजूला गरुड आणि कॅलिफोर्नियाचं नाव,” पेटिंगिल म्हणाला. “दुसऱ्या बाजूला बाई पाहिजे. सरकारी नाण्यावर असते तशी स्वातंत्र्यदेवी.”

“कशी दिसायला हवी?”

“मला काय करायचंय? कुठलीही बाई चालेल. नाक-कान जागेवर असले की झालं.”

लॉरेन्झनं छातीशी जपलेलं चित्र काढून टेबलावर उभं केलं, आणि नऊ दिवसांत पोलादात ओटिली कोरली. पहिलं नाणं पडलं तेव्हा पेटिंगिलनं ते खिडकीशी नेऊन पाहिलं.

“हिला काय झालंय रे? दुधात पाणी सापडल्यासारखी बघतेय.”

“ती अशीच बघायची.”

“कोण?”

“स्वातंत्र्यदेवी,” लॉरेन्झ म्हणाला.

ते दहा महिने तो सुखात होता. विधुराला शोभणार नाही इतका सुखात होता, असं त्याचं त्यालाच वाटायचं. दाबयंत्राचा दांडा फिरला की खालून एक नवी ओटिली पडायची, ऊन ऊन, पिवळीधमक, रागावलेली. बाजारात पावाच्या दुकानात, खाणावळीत, जुगाराच्या टेबलावर लोक तिला फेकायचे आणि उचलायचे. ही माझी बायको आहे हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. आठवड्याची मजुरी त्याला त्याच नाण्यांत मिळायची, आणि तीही तो खर्चायचा. बाबेटकडे रोझीनासाठी पैसे पाठवायचे तर पेढीवर हीच नाणी मोजून हुंडी घ्यायची. एक बाजूला ठेवावं असं त्याच्या मनातही आलं नाही. रोज शेकडो पडत होती.

आणि मग ते रविवारचं काम लागलं. परतीच्या बोटीला निघालेले, लग्न ठरलेले, कुणाची वाट बघणारे लोक त्याच्याकडे दहाचं नाणं घेऊन यायचे. एक बाजू घोटून सपाट करायची, तिथे दोघांच्या नावाची अक्षरं गुंफायची, वर कडी जोडायची, की गळ्यात घालायला दागिना तयार. पहिला माणूस आला तेव्हा त्यानं विचारलं, “उस्ताद, कुठली बाजू काढायची?”

लॉरेन्झनं नाणं दोनदा उलटसुलट केलं. मग खरं तेच बोलला. “गरुडाची ठेवा. त्या बाजूला कॅलिफोर्नियाचं नाव आहे. घरी दाखवायला बरं.”

त्यानं कानस हातात घेतली. पहिल्या वेळी चेहऱ्यापाशी येऊन तो तीनदा थांबला. दुसऱ्या वेळी एकदाच. दहाव्या वेळी तो शीळ घालत घासत होता. ती कुठे जात होती? चित्रात होती, ठशात होती, गावभर होती. काम मात्र त्यानं हानाऊच्या इभ्रतीनं केलं. एकाही नाण्यावर केसाची एक रेघ मागे ठेवली नाही.

अठराशे एकावन्नच्या वसंतात वर्तमानपत्रात आलं की खासगी टांकसाळींची नाणी वजनाला हलकी आहेत. पेटिंगिलची कितपत हलकी होती हे लॉरेन्झला माहीत नव्हतं. तो चेहरा कोरायचा, कस लावणारे दुसरे होते. पण पंधरा दिवसांत अशी गत झाली की त्या नाण्यावर कुणी कॉफीचा पेला देईना. सावकारांनी ती पोत्यांनी गोळा केली, वितळवली आणि लगडी करून बोटीवर चढवल्या. पेटिंगिलनं घणानं ठसे फोडले आणि एके सकाळी तो न सांगता गेला. लॉरेन्झला वाईट वाटलं, पण फार नाही. चित्र होतं.

मे महिन्यात गाव जळालं. असं ते आधीही जळालं होतं, पण या वेळी काहीच उरलं नाही. धूर जिन्यात शिरला तेव्हा लॉरेन्झच्या खोलीत उचलण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: खिळ्याला टांगलेली कोरण्यांची गुंडाळी आणि उशाशी ठेवलेली चित्राची पेटी. तो धावत धक्क्यापर्यंत पोचला आणि त्यानं हातात पाहिलं. गुंडाळी होती. चौदाव्या वर्षापासून खोलीबाहेर पडताना हात आपोआप तीच उचलायचा.

चित्र गेल्याचं त्यानं बाबेटला लिहिलं नाही; जपून ठेवलंय असंच लिहीत राहिला. पोरीला कळू लागेपर्यंत एखादं नाणं मिळवू, त्यावरून पुन्हा कोरू, हा त्याचा विचार. त्याला नाणं जवळ ठेवायचंही नव्हतं. दोन तास नुसतं समोर ठेवायला मिळालं असतं तरी भागलं असतं. पण पेटिंगिलची नाणी कुठेच दिसेनात. तीन वर्षांनी सरकारी टांकसाळ उघडली, जुनी खासगी नाणी तिथे वितळायला येतात असं त्यानं ऐकलं, आणि हाताशी एवढी कला असताना तो भट्टीवर मजूर म्हणून लागला. मुशीत पडण्याआधी प्रत्येक नाणं बघायला मिळावं म्हणून. मुख्य कारागीर भला माणूस होता. तुझं सापडलं तर सरळ बदलून घे म्हणाला. लॉरेन्झनं सहा वर्षं बघितलं. सगळ्या टांकसाळींची आली. पेटिंगिलचं एकही आलं नाही.

साठ साली पत्र आलं. बाबेटनं उतारवयात एका विधुराशी लग्न ठरवलं होतं, आणि रोझीना, वय वर्षं अकरा, एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर पनामामार्गे निघणार होती. खाली मुलीच्या हातच्या ओळी होत्या, शाळेत शिकवलेल्या गोल अक्षरांत. ‘बाबा, आत्या म्हणते आईचं चित्र तुमच्याजवळ जपून ठेवलेलं आहे. आल्यावर मी सगळ्यात आधी ते बघणार आहे. मी आईसारखी दिसत नाही असं सगळे म्हणतात, पण ते खरं आहे का ते मला स्वतः बघायचं आहे.’

लॉरेन्झकडे दोन महिने होते. आधी त्यानं आठवणीतून काढायला घेतलं. आपण तो चेहरा नऊ दिवस कोरला, दहा महिने बघितला, नाही कसा जमणार? पण तिळापाशी तो अडला. डाव्या गालावर की उजव्या? पत्र्यावरच्या चित्रात सगळं आरशासारखं उलटं येतं. ठशात उलटं कोरावं लागतं. नाण्यावर ते सुलट पडतं. बुद्धीनं त्यानं बोटं मोडून हिशेब लावला, डावा ठरला. पण डोळे मिटले की कधी चित्रातली ओटिली यायची, कधी ठशातली, कधी नाण्यावरची. स्वयंपाकघरात उभी असलेली खरी ओटिली काही येईना. एकोणीस कागद झाले. एकोणीस निरनिराळ्या बायका झाल्या, आणि एकही रागावलेली नव्हती.

मग त्यानं वर्तमानपत्रात दिलं: पेटिंगिलच्या दहाच्या नाण्याला दुप्पट किंमत देईन. खाणावळीतले लोक हसले. “लॉरेन्झ, अरे ज्याला कुणी कॉफी दिली नाही त्याला तू वीस डॉलर देतोस? माझ्याकडे फाटका बूट आहे, त्याचे किती?” पण त्यांच्यातलाच एक दर्यावर्दी म्हणाला, “वरच्या गल्लीत ती नोरा टॅलन आहे ना, आयरिश धोबीण, तिच्या गळ्यात एक आहे. गरुड तरी तसाच वाटतो.”

लॉरेन्झ अर्ध्या पेल्यावरून उठला.

नोरा टॅलन अंगणात चादरी पिळत होती. सोड्यानं हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले, आणि गळ्यात साखळीत नाणं. गरुडाची बाजू वर होती. तो लॉरेन्झचाच गरुड. डाव्या पंखाचं एक पीस आखूड पडलं होतं, ते त्यानं दहा पावलांवरून ओळखलं.

“विकायचं नाही हं,” ती म्हणाली. “आधीच सांगते. पूर्वीही विचारून गेलेत लोक.”

“विकत नको, बाई. बघू द्या फक्त. इथेच, तुमच्यासमोर.”

तिनं हात पुसले, साखळी काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. लॉरेन्झनं नाणं उलटलं.

सपाट होतं. मधोमध दोन अक्षरं, वेलीसारखी एकमेकांत गुंफलेली. डी आणि एन. कोरणी वळताना ‘डी’च्या पोटात जो बारीक हिसका बसला होता, तो त्याच्याच मनगटाचा होता.

“अय्या, तुम्हीच ते!” नोरा म्हणाली. “खिडकीत बसायचे ते जर्मन! आम्ही दोघं आलो होतो ना, लग्नाच्या आदल्या रविवारी. गरुड ठेवा, असं तुम्हीच सांगितलंत. डेनिस म्हणायचा, बाकी काही असो, त्या माणसाचा हात देवानं बनवलाय. आता तो गेला, मॅरिपोझाच्या खाणीत दरड पडली. पण बघा, नऊ वर्षं झाली, एक ओरखडा नाही.”

लॉरेन्झ ऐकत नव्हता. त्यानं खिशातून भिंग काढलं. कडेनं बघितलं, अक्षरांच्या पोटात बघितलं, नाणं उन्हात तिरकं धरलं. वेणीचं टोक, हनुवटी, मानेची एखादी रेघ. इतर कुणाही कारागिराकडून काहीतरी राहिलं असतं. देशात असे डझनावारी गबाळे कारागीर होते, आणि त्यातला एकही त्या रविवारी त्या खिडकीत बसलेला नव्हता.

तो उपड्या टबावर बसला.

“काय झालं हो? पाणी देऊ का?” नोरानं विचारलं. मग त्यानं सांगितलं. तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं. चादर हातातच धरून ती समोर बसून राहिली.

“होती हो,” ती शेवटी म्हणाली. “बाई होती तिथे. कानावर वेणी होती ना? डेनिस म्हणाला, ही कोण खाष्ट सासू बसवलीय, हिला घासून टाका आणि माझी नोरा…” तिनं तोंडावर हात ठेवला. “चुकले. बोलायला नको होतं.”

“नाही, नाही. खाष्टच दिसायची. अजून सांगा. कुठल्या बाजूला बघत होती? गालावर तीळ आठवतो?”

नोरानं खूप आठवून पाहिलं. “खोटं कशाला सांगू? माझं लक्ष अक्षरं कशी काढणार याकडेच होतं.”

बोट आली तेव्हा धक्क्यावर त्यानं मुलीला लगेच ओळखलं. रुंद जबडा, बारीक डोळे, अंगठे आखूड. नखशिखान्त ती त्याच्यावर गेली होती. तो तिच्या चेहऱ्यावर ओटिलीला शोधत राहिला आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

“चित्र आणलंत?” रोझीनानं विचारलं. अजून त्यानं तिची पेटीही उचलली नव्हती.

“आधी घरी चल.”

घरी त्यानं तिच्यापुढे सूप आणि पाव ठेवला आणि सगळं सांगितलं. आग, गुंडाळी, खोटी पत्रं, रविवारचं काम. काही झाकलं नाही. ती रडली नाही. पावाचा तुकडा सुपात बुडवून तसाच धरून बसली, आणि तो विरघळून खाली पडला.

“मग इथे आईला कुणी पाहिलंय?”

“मी. आणि एक बाई आहेत. त्यांनी थोडं पाहिलंय.”

“मला त्यांच्याकडे न्या.”

दुसऱ्या दिवशी ती दोघं नोराच्या अंगणात गेली. नोरानं काही न विचारता साखळी काढून मुलीच्या हातावर ठेवली. रोझीनानं गरुडाकडे पाहिलंसुद्धा नाही. नाणं उलटून तिनं त्या सपाट जागेवर अंगठा ठेवला आणि हळूहळू फिरवला, अक्षरांच्या आतून, बाहेरून, कडेपर्यंत.

“इथे होती?”

“इथेच.”

“अगदी गुळगुळीत आहे,” ती म्हणाली. बराच वेळ तिचा अंगठा फिरत राहिला. मग तिनं मान वर केली. “किती वेळ लागला, बाबा?”

“कशाला?”

“आईला पुसायला.”

लॉरेन्झनं ठरवलं होतं की या मुलीशी आता खोटं बोलायचं नाही.

“वीस मिनिटं,” तो म्हणाला. “माझा हात तेव्हा चांगला चालायचा.”